बिनइंजिनाचा तांडा

नवऱ्यानं बस विकत घेतल्याची बातमी रुख्मिणीबाईला सगळ्या मुलखाच्या शेवटी कळली. हिंगोलीत लेकाच्या घरी ओट्यावर बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तांड्यावरची जनकाबाई बाजाराला आली होती. ती पाणी प्यायला थांबली आणि तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणाली, "मंग, कवा जाता ऱ्हायला?"

"कुठं?"

"गाडीत."

रुख्मिणीबाईला वाटलं, जीपमधल्या गर्दीनं म्हातारीचं डोकं फिरलं. पण जनकाबाईनं सगळं नीट सांगितलं. गोरेगावच्या अलीकडं माळावर पुनमचंदच्या वाट्याला आलेले दोन एकर होते, तिथं परवा एक आख्खी लाल बस येऊन उभी राहिली होती. तांड्यावरच्या वसरामच्या ट्रॅक्टरनं ओढत आणली. इंजिन तेवढं काढून घेतलेलं. बाकी दार, खिडक्या, टायर, स्टेअरिंग सगळं जागच्या जागी. सारा तांडा बघून आला होता.

"लेकरं तर उतरायलाच तयार न्हाईत," जनकाबाई म्हणाली. "मी बी बसून आले. खिडकीपाशी."

रुख्मिणीबाई हातातली शेंग तशीच धरून बसली. गेले तीन दिवस "कागदाचं काम हाय" म्हणून घराबाहेर असलेला नवरा भंगाराच्या लिलावात उभा होता तर!

आता यात एवढं धक्का बसण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पुनमचंद राठोड एकतीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर. रिटायर झालेला माणूस शेत घेतो, दुकान टाकतो, यानं बस घेतली. पण रुख्मिणीबाईची अडचण निराळी होती. तिला गाडी लागायची.

साधीसुधी नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पुनमचंद नोकरीला लागला, तेव्हा मोठ्या हौसेनं त्यानं बायकोला आपल्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसवलं. हिंगोलीहून सेनगावला पोचेपर्यंत ती तीनदा ओकली. मागच्या खिडकीतला एक फेटेवाला चिडून ओरडला, "ही बाई कोणाची हाय?" आणि पुनमचंद समोरच्या रस्त्याकडं बघत राहिला. काही बोलला नाही. ते न बोलणं रुख्मिणीबाईनं एकतीस वर्षं जपून ठेवलं होतं. त्यानंतर ती कधी नवऱ्याच्या गाडीत बसली नाही. माहेरी जायचं तर पायी. बैलगाडी चाले, सायकलचं कॅरिअर चाले. पण डिझेल, रेक्झिन आणि बंद काचा यांचा मिळून जो वास येतो, तो नुसता आठवला तरी तिला मळमळे.

आणि आता घर म्हणून तेच.

संध्याकाळी पुनमचंद आला. जेवायला बसला. रुख्मिणीबाईनं भाकरी वाढली आणि शांतपणे विचारलं, "किती सीटची हाय?"

त्यानं घास तोंडाशीच थांबवला. लेक जगन आणि सून निलम एकमेकांकडं बघू लागले. पुनमचंद ताटाकडं बघत म्हणाला, "बावन्न. पण मी सहाच ठेवणार हाय."

खरं सांगायचं तर लेकाच्या घरात त्याचं जमत नव्हतं, हे रुख्मिणीबाईलाही दिसत होतं. दोन खोल्यांचं घर. हा पहाटे चारला उठून अंघोळ करून, खाकी शर्ट घालून ओट्यावर बसायचा. स्टँडातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीचा हॉर्न ऐकून घड्याळ बघायचा आणि "आज कळमनुरी सात मिनिटं लेट," असं मोठ्यानं सांगायचा. निलमचा लहानगा दिवसा झोपायचा नाही, रात्री रडायचा. पोरगी झोपेवाचून सुकून चालली होती, आणि त्यात हा पहाटेचा कारभार. ती बिचारी कधी काही बोलली नाही. म्हणूनच रुख्मिणीबाईला जास्त लाज वाटायची.

"येईन मी," ती म्हणाली. "पण गाडीत झोपणार न्हाई. आधीच सांगून ठेवते."

*

संक्रांतीनंतर दोघं माळावर गेली. सन दोन हजार दोन. पुनमचंदनं बसला आतून फिकट हिरवा रंग दिला होता. मागची लांब सीट म्हणजे पलंग. मधली जागा मोकळी करून तिथं धान्याची कोठी, कपड्यांची पेटी. पुढच्या बाजूला सहा सीटा पाहुण्यांसाठी. 'महिलांसाठी राखीव' ही अक्षरं त्यानं रंग लावताना राखून ठेवली होती आणि त्या सीटकडं हात करून तो म्हणाला, "ही तुझी."

रुख्मिणीबाई नाकाला पदर लावून पायरी चढली. राखीव सीटवर बसली. पुनमचंद ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला आणि सवयीनं त्याचे हात स्टेअरिंगवर गेले. एक वळण डावीकडं, एक उजवीकडं.

रुख्मिणीबाई खिडकीतून ओकली.

"अगं, गाडी उभी हाय!" पुनमचंद ओरडला.

"मंग तुमी स्टेअरिंग काहून फिरवून राहिले?"

पुनमचंदनं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

मग तिनं बसच्या सावलीच्या अंगाला कुडाचा आडोसा केला, चूल मांडली, बाज टाकली आणि आपला संसार बाहेरच थाटला. तो आत, ती बाहेर. खिडकीतून ताट आत जायचं आणि रिकामं बाहेर यायचं. तांड्यावरून येणारे लोक आधी हसायचे, मग सवय झाली.

जागा मात्र पुनमचंदनं चुकीची निवडली होती, असं तिचं ठाम मत होतं. त्यांचे दोन एकर म्हणजे माळाच्या माथ्यापासून खाली सडकेपर्यंत उतरणारी लांब पट्टी. नुसता मुरूम आणि कुसळी गवत. पावसाळा सोडला तर डोळ्याला हिरवं दिसायचं नाही. खाली सडकेपाशी एक डेरेदार लिंब होता आणि लिंबाजवळ हापसा. माणसानं घर तिथं केलं असतं. पण यानं बस लावली थेट माथ्यावर, कारण तिथून सेनगाव ते गोरेगाव सडकेचा आठ किलोमीटरचा पट्टा दिसायचा आणि कुठली गाडी किती वाजता कुठं आहे ते कळायचं. पाण्याच्या घागरी घेऊन तो चढ रोज चढायची रुख्मिणीबाई. आठवडाभर ती चढली, मग घागरी त्याच्या सायकलला बांधून दिल्या.

"तुमाला सडक बघायची ना? जाता येता बघा."

माथ्यावर ते एकटे नव्हते. बांधाला लागून उत्तमराव आणि पार्वतीबाई यांचा ट्रक होता. उत्तमराव आखाडा बाळापूरकडचे शेतकरी घराण्यातले, पण तरुणपणी शेती भावांना सोडून त्यांनी तंबूचा सिनेमा काढला. पंचवीस वर्षं जत्रेजत्रेत खेळ केले. पुढं घरोघरी केबल आली आणि तंबू ओस पडला. शेवटच्या जत्रेहून परतताना ट्रक याच माळावर बंद पडला. दुरुस्त करायला माणूस आणायचा म्हणून उत्तमराव चार दिवस थांबले, त्या चार दिवसांची सहा वर्षं झाली. दरम्यान त्यांनी ट्रकखालचा एकर विकत घेतला होता. थोडं पलीकडं एका जुन्या मॅटाडोरमध्ये जळबा राहायचा. तो वरातीच्या बँडचा मास्तर. पथक फुटलं, पोरं पुण्याला गेली, मास्तर आणि मॅटाडोर तेवढे उरले. रोज सकाळी तो क्लॅरिनेटवर नवरीच्या पाठवणीचं गाणं वाजवायचा आणि मग तोंड धुवायचा.

गोरेगावात या ठिकाणाला 'बिनइंजिनाचा तांडा' म्हणत. पुनमचंदला राग यायचा. "आमचे बापजादे शेकडो बैल घेऊन मुलूखभर हिंडले," तो म्हणायचा. "तेव्हा तरी कुठं इंजिन व्हतं?"

आणि या तांड्यात खरी वस्ती होती मांजरांची.

*

मांजरं पार्वतीबाईची. सिनेमाच्या दिवसांत उंदीर तंबूचं कापड कुरतडायचे, रिळं कुरतडायचे, म्हणून तिनं दोन मांजरं पाळली. सिनेमा गेला, मांजरं वाढली. आता अकरा होती. नावं सगळी धंद्यातली: इंटरवल, बाल्कनी, तिकीट, टॉर्च... आणि एक करड्या रंगाची गलेलठ्ठ मांजरी, जी वर्षातले आठ महिने गाभणच असायची, तिचं नाव हाऊसफुल.

ट्रकच्या पत्र्याखाली उकडायचं. बसला मात्र दोन्ही बाजूंनी खिडक्या, वारा आरपार. आठ दिवसांत मांजरांनी मुक्काम हलवला. सहाच्या सहा सीटा भरल्या. इंटरवल राखीव सीटवर, आणि तो बोका होता.

"हा बोका लेडीज सीटवर बसून राहिला," पुनमचंदनं पार्वतीबाईकडं तक्रार केली.

"मंग उठवा की. एकतीस वर्षं हेच केलं ना तुमी?"

"ते कंडक्टरचं काम व्हतं."

रुख्मिणीबाईला मांजरांचा मनापासून तिटकारा. तिच्याकडं एक शेळी होती. तिचं दूध ती झाकून ठेवी, झाकणावर दगड ठेवी, दगडावर कोयता. तरी टॉर्च नावाचं पिवळ्या डोळ्यांचं मांजर सगळं उघडून पिऊन जायचं आणि कोयता जागच्या जागी. ती पार्वतीबाईशी भांडली, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मीठ संपलं म्हणून अबोला मोडला. माळावर शेजारीण एकच. फार दिवस भांडण परवडत नाही.

फाल्गुन संपता संपता हाऊसफुल व्यायली. जागा तिनं निवडली ती ड्रायव्हरच्या सीटखाली, पुनमचंदनं घडी करून ठेवलेल्या खाकी गणवेशावर. चार पिल्लं. सकाळी पुनमचंद नेहमीप्रमाणं आपल्या सीटवर बसायला गेला आणि पोटरीवर चार ओरखडे घेऊन बाहेर आला. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन गेला. तेव्हा हातावर ओरखडे आले. तिसऱ्या दिवसापासून तो आपल्याच गाडीबाहेर उभा राहून खिडकीतून आपलीच सीट बघू लागला.

"माझी सीट हाय ती," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

रुख्मिणीबाईला हसू आलं. पण मग तिनं डोकावून बघितलं. मांजरी पडून होती. कूस आत गेलेली, डोळे खोल. चार तोंडं तिला ओढत होती. जगनच्या वेळी आपण अशाच पडलो होतो, तिला वाटलं. नवरा ड्यूटीवर, सासू शेतात, आणि घोटभर पेजेला माणूस नाही.

तिनं भाकर कुस्करली, शेळीचं दूध घातलं, वर चमचाभर तूप सोडलं. नाकाला पदर लावून पायरी चढली. हाऊसफुलनं तिच्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं आणि गुरगुरणं थांबवलं.

"खा गं बाई," रुख्मिणीबाई म्हणाली. "नवरे काय, दिसतील तवा दिसतील."

त्या दिवसापासून दिवसातून तीनदा ती आत जाऊ लागली. मांजरी दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना, म्हणून खाणं होईपर्यंत ती ड्रायव्हरच्या सीटवर टेकायची. आधी दार उघडं ठेवून, एक पाय पायरीकडं करून. मग दोन्ही पाय आत. स्टेअरिंग कोणी फिरवत नव्हतं, त्यामुळं गाडी लागत नव्हती. ऊन वाढलं तशी ती तांदूळ निवडायचं सूपसुद्धा तिथंच घेऊन जाऊ लागली. मांडीवर सूप, पायाशी चार पिल्लं, समोर मोठी काच. पुनमचंद बाहेर कुडाच्या आडोशात तिच्या बाजेवर. लोकांनी पुन्हा हसायला सुरुवात केली.

*

चैतातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. दोन दिवसांपासून वावटळी उठत होत्या. उत्तमरावांनी ठरवलं, ट्रकवर सावलीसाठी जुना सिनेमाचा तंबू ताणायचा. कापड प्रचंड, वाऱ्यानं शिडासारखं फुगायचं. दोऱ्या दाबून ठेवायला जड दगड हवेत. माळावर मुरूम भरपूर, पण मोठे दगड कमी. शोधता शोधता त्यांना बसच्या चाकांपुढं चार उत्तम दगड दिसले. घडीव, चौरस, जड. गाडी तर तीन महिने जागची हलली नव्हती. उत्तमरावांनी दोन उचलले. पुरले नाहीत म्हणून उरलेले दोनही नेले.

पुनमचंद तेव्हा खालून सायकलला घागरी बांधून चढ चढत होता. रुख्मिणीबाई सूप घेऊन सीटवर. तेवढ्यात माळाच्या मागून एक वावटळ अशी काही आली की जळबाची चादर उडून बाभळीवर गेली, तंबूचं कापड उत्तमरावांना घेऊन चार पावलं चाललं, आणि वाऱ्यानं बसच्या पाठीवर जोराची थाप मारली.

रुख्मिणीबाईला आधी वाटलं, पुन्हा गाडी लागली. समोरची बाभूळ हळूच डावीकडं सरकली. तिनं डोळे मिटले, उघडले. बाभूळ मागं गेली होती. मग काचेतून तिला नवरा दिसला, सायकल धरून उभा, तोंड उघडं; आणि तोही हळूहळू बाजूनं मागं जाऊ लागला.

"आवं!" ती ओरडली. "आवं, माळ चालून राहिला!"

"माळ न्हाई, गाडी!" पुनमचंदनं सायकल फेकली. घागरी फुटल्या. एकतीस वर्षं बसमागं धावणारी माणसं आरशात बघितलेला तो माणूस आता आपल्याच बसमागं धोतर सावरत धावू लागला. "बिरेक! बिरेक दाब!"

"कंचं?"

"मधलं!"

तिनं मधलं दाबलं. दोन्ही पायांनी दाबलं. इंजिनच नाही तर हवा कुठली आणि ब्रेक कुठले! बस वेग घेऊ लागली. सुपातले तांदूळ काचेवर, सीटवरची मांजरं उड्या मारून मागच्या पलंगाखाली. इंटरवल तेवढा राखीव सीटवर चिकटून राहिला, केस ताठ करून.

"स्टेरिंग धर! सरळ धर!" आवाज मागं पडत चालला.

रुख्मिणीबाईनं सूप फेकलं आणि स्टेअरिंग धरलं. जात्याचा खुंटा धरावा तसं. समोर उतार, उताराच्या टोकाला हापसा, आणि हापशावर पाच-सहा बाया घागरी घेऊन. हॉर्न नव्हता. तिनं खिडकीतून डोकं काढून अशी आरोळी ठोकली की माळावरच्या शेळ्या थबकल्या.

"सरका गं बायांनो! सरका! मी येऊन राहिले!"

बायांनी वर बघितलं. माळावरून लाल बस येत होती आणि ती रुख्मिणीबाई चालवत होती. घागरी जागीच टाकून सगळ्या पांगल्या. आता उजवीकडं हापसा, डावीकडं लिंब. "सेवाभाया, तूच," असं तांड्याच्या देवाला साकडं घालून तिनं सगळ्या अंगाचा भार टाकून स्टेअरिंग डावीकडं ओढलं. गाडी करकरली, बांधावर चढली, तिथं तिचा निम्मा जोर मोडला, मग हापशाच्या पाण्यानं भिजलेल्या मऊ मातीत उतरली, रुतली आणि लिंबाच्या खोडाला नाक टेकवून थांबली. खोडावरची थोडी साल निघाली. सावली बरोबर टपावर आली होती.

मग सडकेच्या कडेला गाठोडं घेऊन उभी असलेली जनकाबाई लगबगीनं पुढं आली आणि हात करून म्हणाली, "गोरेगाव जाती का?"

रुख्मिणीबाई ड्रायव्हरच्या बाजूच्या दारानं उतरली. पदरात चार पिल्लं, मागोमाग हाऊसफुल. चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. जनकाबाई पुढं सगळ्यांना सांगायची, लग्नात बी एवढी उजळली नव्हती.

पुनमचंद पोचला तेव्हा त्याच्या पायात एकच चप्पल होती. त्यानं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. बायकोपुढं येऊन उभा राहिला आणि एकदम मटकन खाली बसला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बायांनी तोंडं फिरवली. पुनमचंद ड्रायव्हर रडतो, हे कोणी बघितलं नव्हतं.

"लागलं का?" त्यानं शेवटी विचारलं.

"न्हाई," रुख्मिणीबाई म्हणाली. मग स्वतःलाच नवल वाटल्यासारखं, "गाडी बी न्हाई लागली."

पुनमचंदनं उपरण्यानं नाक पुसलं. "चालवणाऱ्याला लागत न्हाई. कवाच न्हाई."

"हे तुमाला ठाऊक व्हतं?"

"समद्या ड्रायव्हरला ठाऊक असतं."

"मंग एकतीस वर्षांत मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगून काय, तुला चालवायला देणार व्हतो का?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तवा त्या फेटेवाल्यानं इचारलं, ही बाई कोणाची. तवा बी तुमी काही बोलले न्हाई."

हापशावर अख्खा तांडा गोळा झाला होता. पुनमचंद उठला. धोतर झटकलं. आणि सगळ्या बायांसमोर, जनकाबाईसमोर, धापा टाकत आलेल्या उत्तमराव, जळबासमोर तो मोठ्यानं म्हणाला, "माझी हाय. बाई माझी हाय."

"आता कोण इचारतंय?" रुख्मिणीबाई म्हणाली. पण पदराआड ती हसली, हे पार्वतीबाईनं बघितलं.

*

दुसऱ्या दिवशी पुनमचंद वसरामचा ट्रॅक्टर घेऊन आला, गाडी पुन्हा वर न्यायला. रुख्मिणीबाई लिंबाखाली चूल सारवत होती. तिनं मान वर केली नाही.

"हितंच राहील गाडी."

"हितून सडक दिसत न्हाई."

"सडक हितं चार हातांवर हाय. आजून किती दिसायला पायजे?"

"तुझ्या नशिबानं गाडी हितं थांबली म्हणून..."

"नशिबानं न्हाई. मला लिंबाखाली लावायची व्हती. लावली."

पुनमचंदनं वसरामला समजावलं की असं होणंच शक्य नाही, एवढं जड स्टेअरिंग, बाईमाणूस, उतार. वसरामनं लिंबाकडं बघितलं, सावलीकडं बघितलं, हापशाकडं बघितलं आणि ट्रॅक्टर परत नेला. आठवडाभर पुनमचंद फुरंगटून राहिला. मग जाणाऱ्या-येणाऱ्या एसटीचे ड्रायव्हर जुन्या वस्तादाला ओळखून हॉर्न मारू लागले, कोणी थांबून पाणी मागू लागले, आणि तो सकाळी अंघोळ करून सडकेच्या कडेला खुर्ची टाकून बसू लागला. रुख्मिणीबाईनं बाज आत नेली. स्टेअरिंगला मात्र त्यानं हात लावायचा नाही, एवढी अट घातली.

वर माथ्यावर पंचाईत झाली होती. हाऊसफुल पिल्लांसह खाली राहिली. तूप-भाकरीचा वास वर गेला असावा, कारण एकेक करून बाकीची मांजरंही उतरली. पार्वतीबाई रोज संध्याकाळी ट्रकच्या फाळक्यावर उभी राहून हाका मारायची, "तिकीट! बाल्कनी! या रे!" एकही वर जायचं नाही. चौथ्या दिवशी ती खाली येऊन लिंबाखाली बसली. रुख्मिणीबाईनं चहा दिला.

"घेऊन जा ना बाई तुमची मांजरं. मी थोडीच बांधली?"

"नेली व्हती काल दोन. टोपलीत घालून. माझ्या आधी परत आली."

त्या संध्याकाळी पार्वतीबाईनं नवऱ्याला सांगितलं, ट्रक खाली न्यायचा. उत्तमराव म्हणाले, सहा वर्षांत चाकं निम्मी जमिनीत गेलीत. ती म्हणाली, खणा. ते म्हणाले, खालची जागा पुनमचंदची आहे. ती म्हणाली, त्यांच्या गाडीखालचे दगड काढताना नाही वाटलं ते. उत्तमराव गुमान कुदळ घेऊन उठले.

तीन दिवस खणलं. चौथ्या दिवशी वसरामचा ट्रॅक्टर पुढं, मागं उतारावर आवरून धरायला तांड्यावरच्या सेवा नाईकाचा, आणि मधे सिनेमाचा ट्रक, असा लवाजमा निघाला. ट्रकच्या सांगाड्यातून उगवलेली बाभूळ तोडायला जीव होईना, म्हणून ती मुळासकट बरोबर घेतली. जळबानं बँडचा लाल कोट घातला, झुरळांनी खाल्लेल्या झालरीसकट, आणि क्लॅरिनेट वाजवत सगळ्यांत पुढं चालला. आपली मॅटाडोर वर एकटी राहणार, हे त्याला निम्म्या वाटेवर सुचलं. तो वाजवायचं थांबला आणि म्हणाला, "मंग माझं काय?" वसराम म्हणाला, "दुसरी खेप करू." तो पुन्हा वाजवू लागला.

ट्रक कुठं लावायचा यावरून दोन्ही बायांची तासभर जुंपली. पार्वतीबाईला तोंड पूर्वेकडं हवं होतं, रुख्मिणीबाईला आपली चूल झाकली जायला नको होती. शेवटी ट्रक तिरका उभा राहिला. अजून तसाच आहे.

वैशाखात एका रविवारी जगन आला, निलमला आणि लेकराला घेऊन. गावात काय काय ऐकलं होतं त्यानं. आईनं बस पळवली, कोणी म्हणे हापसा उडवला. तो ठरवूनच आला होता.

"याडी, बास झालं. चल घरी," तो आईला म्हणाला.

"जेव आधी," रुख्मिणीबाई म्हणाली.

जेवणं झाली. लेकरू मांजरांच्या घोळक्यात बसून खिदळत होतं, पार्वतीबाई त्याच्यावर लक्ष ठेवून. निलम हात धुऊन जरा टेकावं म्हणून मागच्या लांब सीटवर बसली. दोन्ही खिडक्यांतून लिंबाचा वारा येत होता. ती कधी आडवी झाली, कधी झोपली, तिचं तिलाच कळलं नाही.

जगन तासाभरानं उठवायला गेला, तेव्हा रुख्मिणीबाईनं पायरीवर त्याचा हात धरला. दोन तासांनी पुन्हा गेला, तेव्हा पुनमचंदनं अडवलं.

"शेवटची जीप जाईल, बा."

"जाऊ दे. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा हाय, उद्या हितूनच घेईल."

जगन दाराशी उभा राहिला. आत निलम कुशीवर वळली. तिच्या पायाशी एक करडं पिल्लू आणि उशाशी दुसरं. किती महिन्यांत तिला असं झोपलेलं बघितलं नव्हतं, याचा तो मनात हिशेब करू लागला आणि त्याला तो लागेना. बाहेर येऊन त्यानं चपला काढल्या.

"मी काय करू मंग?" त्यानं विचारलं.

रुख्मिणीबाईनं त्याच्या हातात कुऱ्हाड दिली आणि सरपणाकडं बोट दाखवलं. "हळू फोड," ती म्हणाली. "पोरीला जाग येईल."